शिक्षा झाली, पण निकाल पुराव्याला धरून नाही? असं करा अपील

कोयनानगर : फौजदारी खटल्यात शिक्षा लागली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. पहिल्या अपिलात वरचं कोर्ट साक्षी, पंचनामा, वैद्यकीय अहवाल पुन्हा तपासतं. त्यामुळं जबाबात कुठं तफावत आहे, कोणता पुरावा विचारातच घेतला नाही, हे मुद्देसूद मांडावं. नुसतं 'अन्याय झाला' म्हणून भागत नाही.

कुठं आणि कधी? : पाटणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत. सत्र न्यायालयानं दिली तर उच्च न्यायालयात ६० दिवसांत, फाशी असेल तर ३०. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, सातारा-सांगलीकरांना मुंबई गाठायची गरज नाही. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो.

जामीन : आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर अपिलासाठी त्याच कोर्टाकडं लगेच जामीन मागावा.

खर्च : कैदेची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत मोफत मिळते. तुरुंगातूनही अधिकाऱ्यांमार्फत अपील पाठवता येतं. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळतो; त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा १५१०० वर फोन करावा.

हे का महत्त्वाचं? : सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना फाशी दिली. फेरविचारात मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. प्रत्यक्षदर्शी महिलेनं पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते. सरकारनं प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेशही झाला.