हवाईयन तरंगक्रीडा आणि फळी सोडण्याचा क्षण

फळीवर स्वार होऊन लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या हवाई बेटांतील क्रीडेचा उल्लेख बहुधा तिच्यातील धाडसासाठी होतो. त्या धाडसाइतकीच जुनी असलेली सावधगिरी मात्र दुर्लक्षित राहते.

कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ साली केआलाकेकुआ उपसागरात ही क्रीडा पाहिली. त्याचा वृत्तांत १७८४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार किनाऱ्यालगत खडकांची रांग असून तीत मधूनमधून अरुंद वाटा होत्या. स्वाराला त्यांपैकी एखाद्या वाटेतून फळी न्यावी लागे. ते न साधल्यास खडक गाठण्यापूर्वीच फळी सोडून तो लाटेखाली बुडी मारी व समुद्राकडे परते. फळीचा चुराडा होई, माणूस वाचे. परंतु असे परतणे लाजिरवाणे मानले जाई, हेही किंग नमूद करतो. म्हणजे जीव वाचविण्याचा उपाय सर्वांस ठाऊक होता. त्याची किंमत मात्र फळी आणि प्रतिष्ठा या दोहोंनी मोजावी लागे.

हा अनुभव भाषेतही साठलेला आहे. हवाईयन भाषेत या क्रीडेस ‘हेए नालू’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे घसरणे व ‘नालू’ म्हणजे लाट. लाटेची वाट पाहण्याच्या जागेस ‘कूलाना नालू’ आणि लाटेवरून तिरपे जाण्यास ‘लाला’ अशा स्वतंत्र संज्ञा आहेत. कोठे थांबावे व कोणत्या दिशेने सुटावे, या दोन निर्णयांवरच खडकाळ जागी स्वाराचे प्राण अवलंबून असतात.

ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील ‘पाइपलाइन’ येथे उथळ खडकावर लाट एकाएकी उभी राहून कोसळते. तिच्यावर प्रथम स्वार होण्याचे श्रेय फिल एडवर्ड्‌स यास देतात. ते वर्ष १९६१. पुढे १९७० नंतर फळी पायाला दोरीने बांधण्याची पद्धत रूढ झाली. फळी गमावण्याची भीती त्यामुळे बरीच कमी झाली; खडक मात्र होता तेथेच राहिला. खोल पाण्यात तारणारी बुडी उथळ खडकावर घातक ठरते. तेथे अंग सपाट ठेवून पडावे व हातांनी डोके झाकावे, असा आजचा नियम आहे.

नियम असा पाण्याच्या खोलीप्रमाणे पालटतो. म्हणून जागेचे ज्ञान हेच या क्रीडेतील पहिले साधन ठरते. फळी आणि दोरी त्यानंतरची.