१६० एकरांचा हिशेब

मी राज्य शासनाच्या जलसंसाधन विभागात उपयंत्री आहे. तलावासाठी जागा पाहायची, मोजणी करायची आणि अहवाल लिहायचा, हे माझे रोजचे काम. नोकरीच्या पहिल्या वर्षांत धार जिल्ह्यातल्या एका गावात नाला मोजत होतो. एक म्हातारा शेतकरी बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "साहेब, नाला पाहिलात, पण कोणत्या सालचा?" त्या वर्षी पाऊस उत्तम झाला होता. तेव्हा मला तो प्रश्न खोचक वाटला. पुढे वाचनाच्या नादात अमेरिकेतील होमस्टेड कायद्याचा इतिहास हाती लागला आणि त्या म्हाताऱ्याची आठवण झाली. तिकडे हाच प्रश्न विचारायचा राहून गेला आणि त्याची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी या कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांवरील व्यक्तीने किंवा कुटुंबप्रमुखाने सुमारे १८ डॉलर शुल्क भरावे, सरकारी जमिनीवर घर बांधावे, पाच वर्षे राहून ती कसावी, की १६० एकर जमीन तिच्या मालकीची. विधवा आणि अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क होता. गरीब माणसाच्या दृष्टीने हा कायदा फार उदार होता, यात शंका नाही. पुढील शंभरएक वर्षांत त्याखाली सुमारे १६ लाख लोकांना मिळून २७ कोटी एकर जमीन मिळाली.

पण १६० हाच आकडा का? जमिनीचा कस पाहून तो ठरलेला नव्हता. १७८५ पासून अमेरिकेत सरकारी जमिनीची मोजणी चौकटीत होत असे. एक मैल लांब आणि एक मैल रुंद चौकट म्हणजे ६४० एकर, तिचा पाव हिस्सा १६० एकर. पूर्वेकडील ओल्या प्रदेशात एका कुटुंबाला एवढी जमीन भरपूर होती. तोच आकडा पश्चिमेच्या कोरड्या माळावरही लागू झाला.

नेब्रास्का राज्यातील कस्टर काउंटीचे उदाहरण घेऊ. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा महसुली विभाग. ही काउंटी १८७७ साली स्थापन झाली. नवा माणूस तिथे आला की आधी काय पाही? नदीकाठची जागा शिल्लक आहे का, विहिरीला पाणी किती खोल लागते, जळण आहे का, रेल्वे किती लांब आहे. जाणता माणूस गवतही पाही. उंच गवत म्हणजे ओल, बुटके गवत म्हणजे कोरडी जमीन. नदीकाठ लवकर संपला. मग लोक उंच पठारावर गेले. तिथे विहिरी शंभर फुटांहून खोल न्याव्या लागत. ते न जमणारे मैलोगणती दुरून पिंपांतून पाणी आणत. लाकूड नव्हते म्हणून माळावरची ढेकळे विटांसारखी कापून त्यांची घरे रचली. सॉलोमन बुचर या छायाचित्रकाराने १८८६ पासून या घरांची आणि माणसांची छायाचित्रे काढली. मातीच्या घरापुढे खुर्च्या मांडून बसलेली ती कुटुंबे पाहिली की त्यांची जिद्द दिसते.

मग चुकले कुठे? ही काउंटी शंभराव्या रेखांशालगत आहे. त्या रेषेच्या सुमारास वार्षिक पाऊस २० इंचांच्या घरात येतो आणि पश्चिमेला आणखी घटत जातो. माण-आटपाडीकडे मूळ गाव असलेल्यांना २० इंच म्हणजे काय, हे सांगायला नको. पण १८८० नंतरची काही वर्षे बरी गेली. "नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो," असे छापून सांगणारे लोक होते, त्यांत प्राध्यापकही होते. रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या. त्यांनी या समजुतीला खतपाणी घातले.

याविरुद्ध जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ सालीच कोरड्या प्रदेशाचा अहवाल सरकारला दिला होता. यादवी युद्धात एक हात गमावलेला हा भूगर्भशास्त्रज्ञ कोलोरॅडो नदीतून होडीने गेलेला होता. २० इंचांखाली सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा नाही, ओलिताची शेती ८० एकरांची पुरे, पण चराऊ जमिनीला २५६० एकर हवेत आणि वाटणी पाणी पाहून करावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. १८९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सिंचन परिषदेत, आहे त्या जमिनीला पुरेल एवढे पाणीच नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा सभेने त्यांची हुर्यो उडवली. त्याच दशकात, १८९० आणि १८९४ साली, दुष्काळ पडला. पिके उभी करपली आणि अनेक कुटुंबे घर सोडून पूर्वेकडे परतली. पुढे १९०४ साली पश्चिम नेब्रास्कासाठी हिस्सा ६४० एकर करण्यात आला. तोवर एक पिढी खर्ची पडली होती.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही भूमी रिकामी नव्हती. प्लॅट आणि लूप नद्यांच्या खोऱ्यांत पॉनी लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. ते मका पेरत तो नदीकाठच्या जमिनीत आणि उंच माळावर जात ते बायसनच्या शिकारीसाठी. पॉवेल यांनी मोजमापाने जे सांगितले, ते पॉनींना अनुभवाने ठाऊक होते. १८७० च्या दशकात त्यांना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आले. जमिनीबरोबर तिची माहितीही हातची गेली.

आपल्याकडेही पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी कौल देत. त्यात इस्ताव्याची पद्धत होती. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग वर्षागणिक थोडा थोडा चढता. नवी जमीन लगेच पिकत नाही, ही जाण त्या पद्धतीत होती. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज होळकरांच्या काळात माळव्यात आले. त्यांनीही कुठे राहावे, विहीर कुठे खणावी, हे इथल्या जुन्या माणसांना विचारूनच ठरवले असेल.

हल्ली इंदूरच्या आसपास पुष्कळ जण शेतघरासाठी जमीन पाहतात. श्रावणात सगळीच जमीन हिरवी दिसते. जरूर पाहावी, पण वैशाखात पुन्हा एकदा जावे आणि बांधावरच्या म्हाताऱ्याला वाईट साल कोणते होते, ते विचारावे. मी आता प्रत्येक अहवालापूर्वी हे विचारतो. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही, म्हणून उत्तर शेऱ्यात लिहितो.