स्पंजाची फाईल

एखादं प्रकरण जास्तीत जास्त किती काळ ‘विचाराधीन’ राहू शकतं, याचा विक्रम कुठल्याही बँकेच्या नावावर नाही. तो समुद्रातल्या स्पंजाच्या नावावर आहे. दोन हजार वर्षांहून जुना अर्ज, आणि प्रश्न एवढाच की अर्जदार प्राणी की वनस्पती?

ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं, की उपटायला गेलं तर स्पंज अंग आकसून घेतो म्हणतात. पण तोरोनेच्या लोकांना ते मान्य नाही. म्हणजे फाईलवर शेरा आणि त्याला हरकत, दोन्ही एकदमच! लिनियसने त्याला आधी वनस्पतींत घातलं, नंतर प्राण्यांत. टेबल बदललं, निकाल नाही.

निकाल लागला १८२५ च्या सुमारास. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने जिवंत स्पंज पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो डोळा थकेपर्यंत. तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. पण बारीक छिद्रांतून पाण्याची आवक आणि मोठ्या भोकातून जावक अखंड चालू! (जागचं न हलता एवढं काम करणारा मी दुसरा पाहिलेला नाही.)

पुढे एकेका नव्या जातीचं वर्णन करायचं काम निघालं. आपल्या मुंबईत कंपनी सरकारचा सर्जन हेन्री जॉन कार्टर तळ्यांतले स्पंज तपासत बसे. १८४९ साली त्याने ते छापलं. निवृत्तीनंतर डेव्हनमधल्या एका गावी बसून तो लोकांनी धाडलेल्या समुद्री स्पंजांची वर्णनं लिहीत राहिला. पेन्शनीत माणसाने काय करावं, याचं इतकं स्वस्त उत्तर आमच्याकडे कुणाला सुचत नाही.

काम मात्र किचकट. एकाच जातीचा स्पंज पाण्याच्या ओढीप्रमाणे आकार बदलतो, तेव्हा तोंडावळ्यावर भरवसा नाही. मग तुकडा तीव्र आम्लात टाकायचा. मांस विरघळतं आणि बऱ्याच जातींत काचेच्या सुया उरतात. त्यांचा घाट, त्यांची मापं, हीच सही. मूळ नमुना संग्रहालयात जपायचा, कारण पुढच्या प्रत्येक दावेदाराची सही त्याच्याशीच ताडून बघायची असते. नमुना सहीचं कार्ड म्हणतात ते हेच.

नवी खाती अजून उघडताहेत. नऊ हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. २०१२ साली कॅलिफोर्नियाजवळच्या, तीन किलोमीटरहून खोल समुद्रातल्या एका स्पंजाचं वर्णन झालं. दिसायला थेट वीणेसारखा, म्हणून नाव ‘लायरा’. आणि या सात्त्विक वाद्याच्या तारांवर आकडे असतात. त्यांत कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव अडकले, की तो त्यांना पातळ पापुद्र्यात गुंडाळून सावकाश पचवतो.