मागचा दिवा

मोशीत रात्री पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला उभं राहून चाकणच्या दिशेनं पाहिलं की वाहनं दिसत नाहीत, दिवेच दिसतात. जाणारे तांबडे, येणारे पांढरे. निम्मी वाहनं या परिसरातल्याच कारखान्यांत तयार झालेली असतील. पण हे दिवे नेमके कुणासाठी असतात, हे मला कळलं ते सायकलीमुळे.

माझ्या लहानपणी मोशी हे खेडं होतं. महापालिकेत ते आलं १९९७ साली. अब्बा भोसरीच्या एमआयडीसीत कामाला सायकलनं जात. मगरिबनंतर परतताना चाकाला डायनामो टेकवत. पायडल थांबलं की दिवा गेला! बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडत असे. एकदा अब्बा असे पायीच घरी आले. अम्मी म्हणाली, "रस्ता तुम्हाला पाठ आहे, दिवा हवा कशाला?" अब्बा म्हणाले, "रस्ता मला पाठ आहे, पण ट्रकवाल्याला मी पाठ नाही ना!"

वाहनाच्या छोट्या दिव्यांचा सारा इतिहास या उत्तरात आहे. बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील रस्ता कितीसा दाखवणार? तो 'इथे गाडी आहे' एवढंच इतरांना सांगायचा. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की वायू तयार होई आणि तो जळे. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचे दिवे आणि विजेचाच स्टार्टर आला. वीज गाडीत आल्यावर छोटे दिवे वाढवणं सोपं झालं. वळताना हात बाहेर काढावा लागे, त्याऐवजी काही गाड्यांच्या बाजूनं दांडीसारखा उजळणारा हात बाहेर येऊ लागला. जुन्या मॉरिस मायनरला तो होता. १९३९ साली ब्यूक मोटारीत उघडमीट करणारे इंडिकेटर आले. मागच्या काचेजवळचा तिसरा ब्रेकलाइट अमेरिकेत नव्या मोटारींना १९८६ पासून सक्तीचा झाला.

धुक्याच्या दिव्याची गोष्ट थोडी वेगळी. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात मोठा दिवा लावला, तर पाण्याच्या कणांवरून उजेड आपल्याच डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून फॉगलॅम्प बंपरपाशी खाली बसवतात. त्याचा झोत रुंद, चपटा आणि जमिनीलगत असतो. पिवळा उजेड धुकं भेदतो, असा समज आहे. फ्रान्समध्ये तर १९३६ च्या हुकमानं मोटारींचे पुढचे दिवेच पिवळे झाले आणि १९९३ पर्यंत तसे राहिले. पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते पिवळ्या-पांढऱ्यात भेद करत नाहीत. डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो, इतकंच. मागचा फॉगलॅम्प मात्र फक्त इतरांसाठी असतो. तो नेहमीच्या टेललाइटपेक्षा प्रखर, म्हणून धुकं सरताच बंद करायचा.

आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसायला हवा. माझा मावसभाऊ याच नाशिक रस्त्यावर गेला. उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती, मागे दिवा नव्हता. त्याच्या मोटारसायकलचा हेडलाइट उत्तम चालू होता. ट्रॉली दिसली, तोवर ब्रेक लागायला जागा उरली नव्हती. काही रुपयांच्या बल्बची ती गोष्ट.

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचा लाल दिवा गेला. तो रुबाबाचा दिवा होता. त्याच वर्षी एप्रिलपासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप पेटता राहू लागला, तो दुसऱ्यांना दिसावं म्हणून. ही अदलाबदल मला आवडली. पण हौसेनं लावलेल्या प्रखर एलईडी पट्ट्यांचं काय? समोरच्याला आंधळं करून आपण सुरक्षित कसे राहणार?

आपला टेललाइट गाडी चालवताना आपल्याला दिसत नाही. परवा सिग्नलला एक पोरगा शेजारी थांबून म्हणाला, "काका, मागचा दिवा बंद आहे तुमचा." घरी जायची घाई होती. तरी गाडी वळवली आणि आधी बल्ब बदलून घेतला.