तळटीप : ‘सॅम्पल’ आणि ‘आर-सॅम्पल’

लेखकाने इथे ‘आर-सॅम्पल’ जाणीवपूर्वक वापरले आहे. पायटॉर्चमध्ये ‘सॅम्पल’ने काढलेला आकडा ग्रेडियंटच्या हिशेबातून तुटतो, न्यूरल जाळ्याचा बाकी भाग शिकत राहिल्याने चूक लक्षातही येत नाही, आणि हेच घातक. नॉर्मल वितरणासाठी ‘आर-सॅम्पल’ प्रमाणित नॉर्मल वितरणातून आकडा घेते, त्याला प्रमाण विचलनाने गुणते व सरासरी मिळवते. सरासरी ३, विचलन २, आकडा ०.५ असेल तर नमुना ४. सरासरीसापेक्ष अवकलज १, विचलनासापेक्ष ०.५. किंग्मा-वेलिंग यांच्या २०१३च्या निबंधाने ही सुंदर युक्ती सर्वत्र नेली. फाशासारख्या तुटक वितरणांना ती थेट लागू पडत नाही. तिथे विल्यम्स यांची १९९२ची ‘रीइन्फोर्स’ पद्धत चालते, पण तिचे अंदाज फार हेलकावतात. – संपा.