नैराश्यावरील औषधे : तरुणांसाठीचे इशारे आणि कामशेत परिसर

नैराश्यावरील औषधांमुळे लहान वयाच्या काही रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा ब्रिटनने 2003 मध्ये दिला व फ्लुऑक्सेटिन वगळता या गटातील बहुतेक औषधे 18 वर्षांखालील रुग्णांना देऊ नयेत असे सांगितले. अमेरिकेने ऑक्टोबर 2004 मध्ये औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा सक्तीचा केला. 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. 2004 च्या इशाऱ्याला आधार होता 24 चाचण्यांचा, सुमारे 4,400 मुलांचा. औषध घेणाऱ्यांपैकी 4 टक्क्यांत असे विचार वा वर्तन आढळले, औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत 2 टक्क्यांत. आत्महत्या एकाही मुलाने केली नव्हती. घाबरलेल्या पालकांना नेमके हेच कुणी नीट सांगितले नाही.

परिणामी औषधे लिहून देणे घटले. 2014 च्या एका अमेरिकी अभ्यासानुसार किशोरांमधील वापर अपेक्षेपेक्षा सुमारे 31 टक्क्यांनी कमी झाला आणि मानसोपचाराच्या औषधांनी होणाऱ्या विषबाधा वाढल्या. या दोहोंचा संबंध वादग्रस्त आहे.

इशाऱ्याचा रोख औषध बंद करण्यावर नव्हता. झोप उडणे, जागेवर न टिकणे, एकाएकी चिडणे ही लक्षणे पहिल्या काही आठवड्यांत दिसू शकतात, म्हणून पहिले 4 आठवडे दर आठवड्याला भेट घ्या, असे 2004 च्या सूचनेत होते. पुणे जिल्ह्याच्या मावळातल्या कामशेतला अडते ते इथेच. तळेगाव दाभाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय लोकलने तिसऱ्या स्थानकावर आहे, येरवड्याचे मनोरुग्णालय पुण्याच्या पलीकडच्या टोकाला. नाणे मावळातल्या घराला भातलावणीच्या दिवसांत दर आठवड्याची फेरी म्हणजे आई किंवा बापाचा रोज बुडणे. अशा ठिकाणी देखरेख जमत नाही म्हणून औषधच टाळले, तर आजारी मुलाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

भारतात ही औषधे शेड्यूल एचमध्ये येतात. गोळ्यांच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असते. पहिल्या महिन्यात मुलाकडे लक्ष ठेवा, हे तिथे मराठीत कुठेच नसते. ते डॉक्टरांनी व औषध दुकानदाराने तोंडीच सांगायला हवे. 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांमुळे आधी तपासलेल्या रुग्णाची फेरतपासणी फोनवर करता येते. गोळी मनाने एकदम थांबवू नये. आत्महत्येचे बोलणे कानी पडल्यास टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही मदत मिळते.