डॉर्टची धर्मसभा आणि एका डॉक्टरचा प्रश्न

मुंबईतल्या आणि कोकणातल्या मिशनच्या शाळांत आपल्या कितीतरी वाडवडिलांनी अक्षरे गिरवली. १८१३ साली मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी काय, किंवा १८२९ साली आलेले स्कॉटलंडचे जॉन विल्सन काय, ही मंडळी मूळची कॅल्व्हिनच्या परंपरेतली. त्या परंपरेची एक मोठी शिकवण अशी की, कोणाचा उद्धार व्हायचा हे देवाने जग निर्माण करण्यापूर्वीच ठरवले आहे. आपल्याकडे सटवाई कपाळावर लिहून जाते असे बायका म्हणत. पण तो लेख या जन्मातल्या सुखदुःखाचा. ख्रिस्ती पंडितांचा वाद निराळा होता. मेल्यावर आत्म्याचे काय व्हायचे, यात माणसाचा स्वतःचा काही हात आहे की नाही?

पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस यांच्यात हा वाद जुंपलाच होता. परंतु त्यापायी एक राज्य हादरले ते हॉलंडमध्ये.

लायडन विद्यापीठात १६०३ पासून याकोबस आर्मिनियस हे प्राध्यापक होते. देवाची कृपा सर्वांपुढे ठेवलेली आहे, माणूस ती स्वीकारतो किंवा नाकारतो आणि कोण काय करील हे देवाला आधीच दिसते, असे त्यांचे मत. त्यांचे सहकारी गोमारस यांना हे मुळीच मान्य नव्हते. निवड देवाची, माणसाच्या गुणावगुणांवर ती अवलंबून ठेवली तर देव मोठा की माणूस, असा त्यांचा सवाल. गोमारसांचा पक्ष निष्ठुर वाटतो खरा, पण ज्यांनी धर्मासाठी छळ सोसला त्यांना आपला उद्धार आपल्या दुबळ्या हातांत नाही, याचा मोठा आधार वाटे. हे ध्यानात घेतल्याशिवाय लोक इतके का पेटले ते कळत नाही.

आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. त्यावरून त्यांना रेमॉन्स्ट्रंट म्हणू लागले. वृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सेनापती राजपुत्र मॉरिस दुसऱ्या पक्षाला मिळाले. स्पेनशी केलेल्या युद्धविरामावरून या दोघांचे आधीच बिनसले होते. राजकारण कुठे संपले आणि धर्म कुठे सुरू झाला, हे सांगणे अवघड आहे.

नोव्हेंबर १६१८ मध्ये डॉर्ट, म्हणजे डॉर्ड्रेख्ट, या गावी धर्मसभा भरली. ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जर्मन संस्थानांतून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रॉटेस्टंटांना जाऊ दिले नाही, तर त्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या. रेमॉन्स्ट्रंटांना मात्र सभासद म्हणून नव्हे, आरोपी म्हणून बोलावले होते, आणि जानेवारीत सभेबाहेर घालवले. या सभेचा निकाल तरी पूर्वनियोजित होता, असे म्हणण्याचा मोह होतो! सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदावरून काढले. १३ मे १६१९ रोजी हेग येथे ७१ वर्षांच्या ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. हॉलंडातील यहुद्यांच्या वसाहतीसाठी नियमांचा मसुदा लिहिणारे कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यांना जन्मठेप मिळाली. १६२१ मध्ये त्यांच्या पत्नीने त्यांना पुस्तकांच्या पेटीत घालून किल्ल्यातून बाहेर काढले.

मॉरिस १६२५ मध्ये वारले, मग छळ हळूहळू थंडावला. पण प्रश्न मिटला नव्हता. त्याच डॉर्ड्रेख्ट गावात योहान व्हान बेव्हरवाइक नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १६३० च्या दशकात निरनिराळ्या विद्वानांना पत्रे लिहून विचारले: माणसाच्या आयुष्याची मर्यादा ठरलेली आहे की बदलू शकते? रोज रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला हे विचारणे भागच होते. ठरलेलीच असेल तर औषध कशाला द्यायचे?

या प्रश्नावर अॅमस्टरडॅमचे रब्बी मेनाशे बेन इस्राएल यांनीही ग्रंथ लिहिला. पस्तिशीतले हे रब्बी हिब्रू छापखाना चालवत, आणि रेमॉन्स्ट्रंट पंडितांशी त्यांचा स्नेह होता. त्यांचा लॅटिन ग्रंथ १६३९ मध्ये निघाला. आयुष्याची मर्यादा अटळ नाही, आणि देवाला पुढचे ठाऊक असले म्हणून माणसाचे स्वातंत्र्य जात नाही, असे त्यांनी मांडले. आपल्या वाचकांना यावर हिज्कियाहू राजा आठवेल. मरणाची आज्ञा होऊनही त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि त्याला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. यशयाहने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपही लावायला सांगितला होता.